उतरंड, रांग आणि आगगाडी

जालना शहराच्या कडेला असलेल्या आमच्या वस्तीत बहुतेक घरे हातावर पोट असणाऱ्यांची. कुणी सळईच्या कारखान्यात भट्टीपुढे उभे राहते, कुणी मोंढ्यात पोती उचलते, कुणी बियाणे निवडायला जाते. वस्तीच्या मध्यभागी विहार आहे. संध्याकाळी तिथे वंदना होते आणि वंदनेनंतर मुलांची अभ्यासिका भरते. ही अभ्यासिका आम्ही चौघे मिळून चालवतो. आमच्यातील दोघी शाळेत शिकवतात, एक जण कंपनीत संगणकावर काम करतो आणि एक जण एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आहेत.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी वस्तीतील एका हमाल बांधवाची मुलगी जाडजूड पुस्तक घेऊन अभ्यासिकेत आली. ती संगणकाच्या डिप्लोमाला होती. 'डेटा स्ट्रक्चर' या विषयात ती दोनदा नापास झाली होती.

"दादा, मला काही समजंना गेलंय. सगळं पाठ करते अन् पेपर हातात आला की कोरं होतं," ती म्हणाली.

तिच्या मागोमाग तिचे वडीलही आले. ते आमच्यावर रागावलेले नव्हते, थकलेले होते. "दोनदा फी भरली. आता स्थळ आलंय. पोरीच्या डोक्यात ते बसत न्हाई तर कशाला तिचे हाल करायचे? तुम्हीच सांगा."

आम्ही त्यांच्याकडून पुढच्या परीक्षेपर्यंतची मुदत मागून घेतली. मुदत मिळाली चार महिन्यांची. त्या चार महिन्यांत विहारात जे घडले ते आमच्यासारख्याच इतर वस्त्यांतील आईबापांना कळावे, म्हणून हे लिहीत आहोत.

सुरुवातीला आमचीच चूक झाली, ती आधी कबूल करतो. आम्ही फळा आणला, खडू आणला आणि व्याख्या लिहून द्यायला सुरुवात केली. कॉलेजात जे झाले तेच विहारात होऊ लागले. मुलगी उतरवून घेई आणि मान हलवी. तिच्यासोबत आठवी ते बारावीची दहा-बारा मुले बसत. बारावीला संगणकशास्त्र घेतलेल्या दोघांना हाच विषय होता. आठवड्याभरात त्यातला एक यायचा बंद झाला. आम्ही घरी विचारायला गेलो तर म्हणाला, "शाळेतबी हेच, इथंबी हेच." त्या रात्री आम्ही फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

धम्मवंदनेत आपण रोज 'एहिपस्सिको' म्हणतो. म्हणजे ये आणि स्वतः पाहा. धम्मसुद्धा ऐकीव मानू नये असे भगवंतांनी सांगितले, मग संगणकाचे शास्त्र आम्ही ऐकीव का शिकवत होतो?

हा विचार आमचा एकट्याचा नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातील टिम बेल यांनी इयान विटन आणि माइक फेलोज यांच्यासह १९९० च्या दशकात संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याचे खेळ तयार केले. चिठ्ठ्या, तराजू, दोऱ्या आणि मुले, एवढेच साहित्य. आपल्या देशात एसीएम इंडिया या संस्थेने २०१६ मध्ये 'सीएसपाठशाला' हा उपक्रम सुरू केला, त्यातही संगणकाशिवाय करायच्या कृती आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आणायचे ठरवले आहे. उद्या आपल्या मुलांपुढे हा विषय येणारच आहे. घरात संगणक नाही म्हणून ती मागे राहावीत काय?

आता हे 'डेटा स्ट्रक्चर' म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. डेटा म्हणजे माहिती आणि स्ट्रक्चर म्हणजे रचना. घरात धान्य कणगीत, पीठ डब्यात आणि मसाला पाळ्यात ठेवतो, कारण प्रत्येकाचा उपयोग वेगळा. तसेच माहिती कशी रचून ठेवली म्हणजे ती कमी वेळात सापडेल, याचे हे शास्त्र.

पहिल्या दिवशी वस्तीतील एका आजींकडून आम्ही उतरंड आणली. आता कुणाकडे उतरंडी राहिल्या नाहीत, पण आजींनी पाच मडकी जपून ठेवली होती. ती एकावर एक रचली आणि सर्वांत खालच्या मडक्यात एक रुपया टाकला. मुलीला म्हणालो, "रुपया काढ." तिने वरचे मडके उतरवले, मग दुसरे, मग तिसरे. शेवटी रुपया मिळाला. इंग्रजीत यालाच स्टॅक म्हणतात. जे शेवटी ठेवले ते आधी निघते. ठेवणे म्हणजे पुश, काढणे म्हणजे पॉप. मडकी संपल्यावरही काढायला गेलात तर हात जमिनीला लागतो, तो अंडरफ्लो. रचता रचता छपराला टेकले तर ओव्हरफ्लो. जर्मनीत बाउअर आणि सामेल्सन या दोघांनी १९५७ मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आपल्या आजीबाई मात्र ती कधीपासून स्वयंपाकघरात वापरत होत्या!

"पण ताई, याचा संगणकात उपयोग काय?" एका मुलाने विचारले. उत्तर मुलीच्या आईनेच दिले. ती दारात उभी राहून ऐकत होती. "मी भाकरी थापते. तेवढ्यात नळाला पाणी येतं. भाकरी ठेवून पाण्याला पळते. पाणी भरताना फोन वाजतो. आधी फोन संपवते, मग पाणी, मग भाकरी. असंच ना?"

अगदी असेच. एक काम अर्धवट ठेवून संगणक दुसऱ्या कामाला जातो तेव्हा परत यायची जागा तो उतरंडीत ठेवतो. जे काम शेवटी अडले ते आधी सुटते. मुलगी आईकडे बघतच राहिली. पुस्तकातील तीन पाने आईने भाकरीच्या पिठात समजावून दिली होती.

मडकी परत रचताना आठवीतला एक मुलगा म्हणाला, "दादा, भाषणात म्हणतात ती जातीची उतरंड हीच का?"

आम्ही चौघेही क्षणभर गप्प झालो. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते हेच. वरच्याचा भार खालच्यावर, त्याचा त्याच्या खालच्यावर, आणि सर्वांत तळाच्याकडे हात पोचायचा तर वरचे सगळे हलल्याशिवाय पोचत नाही. आम्ही शब्द शोधत होतो, तेवढ्यात मडकीवाल्या आजी म्हणाल्या, "गाडगं आपणहून खाली बसत न्हाई लेकरा. कुणीतरी ठेवतं तवा बसतं."

त्या वाक्याने आमच्या पुढच्या सगळ्या शिकवण्याला पाया मिळाला. रचना ही माणसाने केलेली असते. भाकरीच्या कामाला उतरंड चांगली, माणसांना ठेवायला ती वाईट. कोणत्या कामाला कोणती रचना हे ओळखता आले पाहिजे, आणि चुकीची असेल तर बदलता आली पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यात रांग शिकवली, म्हणजे क्यू. जालना जिल्ह्याला रांग नवी नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरपुढे आपण रात्र रात्र हंडे लावून बसलो आहोत. आम्ही मुलांना घरून हंडे, कळश्या, बादल्या आणायला सांगितल्या आणि विहाराच्या अंगणात रांग लावली. जो आधी आला त्याला आधी पाणी. नवा येईल तो शेपटाला उभा राहील. उतरंडीच्या अगदी उलट.

मग आम्ही विचारले, "हंडा रांगेत आहे, पण माणूस कुठाय?" मुले हसली. माणूस सावलीला बसलेला असतो, त्याच्या जागी हंडा उभा असतो. संगणकातही पुष्कळदा खरी वस्तू दुसरीकडे असते आणि रांगेत फक्त तिची खूण असते. त्या खुणेला पॉइंटर म्हणतात. या एका शब्दाला मुलगी दोन वर्षे घाबरत होती. हंड्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "एवढंच व्हय?"

पहिला हंडा भरल्यावर काय करायचे यावर मुलांत वाद झाला. काहींनी उरलेले सगळे हंडे एकेक हात पुढे सरकवले. वीस हंडे सरकवता सरकवता ती दमली. तेव्हा एक लहान मुलगी म्हणाली, "हंडे कशाला सरकवता? पाइप पुढं घ्या की!" टँकरवर आपण तेच करतो. संगणकातही रांगेतील माहिती हलवत नाहीत, 'पुढचा कोण' ही खूण तेवढी पुढे सरकवतात. शेवटापर्यंत गेल्यावर खूण पुन्हा सुरुवातीच्या रिकाम्या जागेवर येते, ती गोल रांग.

रांगेचा विषय निघाला आणि महाडचा विषय निघाला नाही असे आपल्या विहारात होणार नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यापूर्वी आपल्या माणसांना पाण्याच्या रांगेत उभे राहण्याचाच अधिकार नव्हता. कुणीतरी वरून ओतील तेव्हा ओंजळ धरायची. जो आधी आला त्याला आधी, हा साधा नियम मिळवायला केवढा संगर करावा लागला! मुलांनी तो दिवस फळ्यावरून कितीदा तरी ऐकला होता. रिकामा हंडा हातात धरून त्यांनी तो पहिल्यांदाच ऐकला.

पुढे प्रश्न आला, की दवाखान्यात रांग मोडून अडलेल्या बाईला आधी घेतात, ते चूक काय? याला प्रायॉरिटी क्यू म्हणतात, प्राधान्याची रांग. मुले बराच वेळ भांडली. शेवटी त्यांनीच ठरवले, की प्राधान्य गरजेवरून दिले आणि नियम सगळ्यांना आधी माहीत असला तर तो न्याय. जन्मावरून दिले आणि नियम लपवला तर तो अन्याय. आरक्षणावर भाषण करायची आम्हाला गरज पडली नाही.

तिसरा खेळ आगगाडीचा. यातील रचनेला लिंक्ड लिस्ट म्हणतात, म्हणजे जोडसाखळी. १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकेत नेवेल, शॉ आणि सायमन या तिघांनी ती प्रथम वापरात आणली. आम्ही मुलांच्या गळ्यात स्टेशनांच्या पाट्या अडकवल्या. बदनापूर, जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी. प्रत्येकाने उजव्या हाताने फक्त पुढच्याचा खांदा धरायचा. बदनापूरला फक्त जालना माहीत, जालन्याला फक्त परतूर. परभणी गाठायची तर पहिल्यापासून एकेकाला विचारत जावे लागते.

मग सांगितले की जालना आणि परतूर यांच्यामध्ये रांजणी घालायचे राहिले आहे. जालना झालेल्या मुलाने लगेच परतूरचा खांदा सोडला आणि रांजणीला धरले. रांजणी विचारू लागली, "मी कुणाला धरू?" नियम असा होता, की धरलेल्यानेच पत्ता सांगायचा. परतूरचा पत्ता फक्त जालन्याकडे होता आणि जालन्याने तो सोडून दिला होता. परतूर, सेलू, मानवत रोड आणि परभणी अंगणात तुटून उभे राहिले. सगळे पोट धरून हसले, पण आमची डिप्लोमावाली मुलगी हसली नाही. ती डोक्याला हात लावून मटकन खाली बसली.

"दादा, मी पेपरात दोन्ही वेळा हेच केलं. आधी जुनी जोडणी तोडली."

आधी नव्याने पुढच्याला धरायचे, मग मागच्याने नव्याला धरायचे. दोन ओळींचा क्रम, पण तो तिला पुस्तकातून कधी दिसला नव्हता. अंगणात तुटलेली गाडी पाहिली आणि तो कायमचा कळला. त्या दिवसानंतर तिने पाठांतराची वही आणणे बंद केले.

त्याच संध्याकाळी आमच्यातील एकीने प्रतीत्यसमुत्पादाची आठवण काढली. अविद्येपासून जरामरणापर्यंत बारा कड्या, एकीमुळे दुसरी. संगणकात कडी तुटली तर नुकसान. धम्मात मात्र तृष्णेची कडी तोडणे हेच काम. आपल्या पूर्वजांना माहिती रचून ठेवण्याचे भान होते. अंगुत्तर निकायातील सुत्ते एकाच्या, दोनाच्या, तीनाच्या अशी अकरापर्यंत संख्येने लावलेली आहेत. लिहिण्याआधी कित्येक पिढ्या भिक्खूंनी हे सारे तोंडपाठ सांभाळले. रचना नसती तर ते टिकले असते काय?

सगळेच खेळ साधले असे नाही. एक तर पार फसला, पण त्यानेच सर्वांत जास्त शिकवले. हॅशिंग नावाची एक युक्ती आहे. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी ती १९५३ मध्ये सुचवली. आम्ही शून्य ते नऊ आकड्यांचे दहा डबे मांडले. प्रत्येकाने आपल्या जन्मतारखेच्या आकड्यांची बेरीज करायची, बेरीज दोन अंकी आली तर शेवटचा आकडा घ्यायचा, आणि आपल्या नावाची चिठ्ठी त्या डब्यात टाकायची. १४ तारीख असेल तर एक आणि चार, पाच. चिठ्ठी पाचव्या डब्यात. पुढे कुणाचे नाव शोधायचे तर सगळे डबे धुंडाळायला नकोत, बेरीज केली की डबा कळला. २३ तारखेवाल्याचीही बेरीज पाच येते, तेव्हा एका डब्यातील चिठ्ठ्या दोऱ्यात ओवायच्या. मुलांचा खेळ छान झाला.

रविवारी आईबापांना बोलावून तोच खेळ घेतला. चिठ्ठ्या टाकून झाल्या आणि डबे उघडले, तर निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या एकाच डब्यात. एक नंबरचा डबा तुडुंब, बाकीचे बरेच रिकामे. मुले गोंधळली. "असं कसं झालं?"

वाचकहो, तुमच्या लक्षात आलेच असेल. बहुतेकांची जन्मतारीख १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारले, आईबापांना सांगता आले नाही, गुरुजींनी १ जून लिहून टाकले. मुलीच्या वडिलांचीही तीच तारीख. ते हसत म्हणाले, "आम्ही सगळे एकाच दिवशी जन्मलो." लोक हसले आणि मग हळूहळू गप्प झाले. ज्यांच्या जन्माची नोंदच कुणी ठेवली नाही, त्यांना संगणकाची कोणती युक्ती वेगवेगळ्या डब्यांत ठेवणार?

शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर आम्ही निवडलेला नियम या माणसांसाठी चुकीचा होता. माहिती सारखी पसरेल असा नियम निवडावा लागतो. मग मोबाइल नंबरच्या आकड्यांवरून डबे लावले, तेव्हा चिठ्ठ्या बऱ्यापैकी वाटल्या गेल्या. मुलीने वहीत लिहिले, 'नियम करताना माणसे कोण आहेत ते आधी पाहावे.' हे वाक्य कोणत्या पुस्तकातले आहे असे आम्ही विचारले. म्हणाली, "कोणत्याच नाही, बाबांच्या डब्यातलं आहे."

शेवटच्या महिन्यात झाड शिकवले. संगणकाच्या झाडाचे मूळ वर आणि फांद्या खाली. हे समजायला आपल्या लोकांना वेळ लागत नाही, कारण जात पडताळणीसाठी वंशावळ काढलेली असतेच. पणजोबा वर, त्यांची मुले खाली, त्यांच्याखाली नातवंडे. दोन चुलतभाऊ कुठे जुळतात ते बोट वर सरकवत शोधायचे. त्यानंतर शोधाचा खेळ. एकाने मनात १ ते १००० मधील आकडा धरायचा, बाकीच्यांनी फक्त 'पाचशेपेक्षा मोठा का?' असे विचारत निम्मे निम्मे टाकून द्यायचे. जास्तीत जास्त दहा प्रश्नांत आकडा सापडतो. मुलीचे वडील स्वतः खेळायला बसले. दहाव्या प्रश्नाला त्यांनी आकडा ओळखला आणि मुलीकडे पाहून म्हणाले, "हे तुमच्या पुस्तकात हाय?"

"हाय बाबा. पान नंबरसकट दाखवते."

त्यांनी पुस्तक हातात घेतले. वाचता येत नसलेली इंग्रजी पाने ते बराच वेळ उलटत राहिले. स्थळाचा विषय त्या रात्री निघाला नाही, नंतरही निघाला नाही.

परीक्षा झाली. मुलगी पास झाली. फार गुण मिळाले असे सांगून आम्ही फुशारकी मारणार नाही. पण जोडसाखळीत मधे कडी घालण्याचा प्रश्न आला होता आणि तो तिने पूर्ण सोडवला. अभ्यासिका सोडून गेलेला मुलगा हंड्यांच्या आठवड्यात कुंपणावरून बघत होता. तिसऱ्या दिवशी बादली घेऊन तो आपणहून रांगेत उभा राहिला.

खेळाने सगळे होते असा आमचा दावा नाही. खेळानंतर कागदावर आकृती काढावीच लागते आणि त्यानंतर संगणकावर हात चालवावाच लागतो. आमच्याकडे एक जुना संगणक आहे, त्यावर पाळीपाळीने बसतात. आधी अंगणात करायचे, मग कागदावर, मग संगणकावर, हा क्रम आम्ही आता सोडत नाही. आणि इंग्रजी शब्द टाळायचे नाहीत. परीक्षा त्याच शब्दांत आहे. आधी उतरंड समजू द्यावी, मग तिचे नाव स्टॅक सांगावे.

आपापल्या विहारात हे करून पाहावे, एवढीच वाचकांना विनंती. लागतात पाच मडकी किंवा पाच डबे, घरातले हंडे, चिठ्ठ्या आणि दोरा. शिकवणारा एखादा डिप्लोमावाला मुलगा किंवा मुलगी आता प्रत्येक वस्तीत आहे. आमच्याकडे आता रविवारी ती मुलगीच शिकवते. परवा तिने आजींकडे उतरंड मागितली. आजी म्हणाल्या, "ने, पण परत आणून रचू नको. सुटी सुटी ठेव."

मडकी आता विहाराच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी मांडलेली असतात. मुले म्हणतात हा ॲरे आहे. पाचही मडकी एका पातळीवर, प्रत्येकाला आपला नंबर, आणि कुणालाही उचलायला दुसऱ्याला हलवावे लागत नाही.

जयभीम.